कॉलर कोणी घासायची?

सदरा सर्वांत आधी कुठे मळतो, हे घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. ती क्षणभरही न थांबता सांगेल, 'कॉलरला.' पाठ, बाह्या, खिसा यांचा नंबर नंतर. मानेचा घाम, डोक्याचे तेल आणि रस्त्यावरची धूळ ही तिन्ही त्या चार बोटे रुंदीच्या पट्टीवर एकत्र येतात आणि तिथेच मुरतात. म्हणून बादलीत कितीही चांगली पावडर टाकली तरी कॉलर वेगळी हातात धरून, साबण लावून, ब्रशने घासावीच लागते. घरात वॉशिंग मशीन आले तरी हे काम सुटलेले नाही. मशीनमध्ये टाकण्याआधी कॉलरवर हात फिरतोच.

वाचकहो, आज ज्या वस्तूबद्दल लिहायचे आहे तिचा जन्म नेमका याच त्रासातून झाला. ती वस्तू म्हणजे सदऱ्यापासून सुटी होणारी कॉलर. सुमारे शंभर वर्षे ती युरोप-अमेरिकेतल्या साहेबापासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत ती हळूहळू सैल झाली आणि मग नाहीशीच झाली. ती का आली आणि का गेली, याची गोष्ट फॅशनपेक्षा धुण्याच्या दगडाशी अधिक जोडलेली आहे, असे मला वाटते.

सदरा एक, कॉलरी बारा

सुटी कॉलर म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावेच लागेल. सदरा असे बिनकॉलरचा. आपल्या नेहरू शर्टाला असते तशी एक अरुंद पट्टी फक्त गळ्याला. त्या पट्टीला पुढे एक आणि मागे एक काज. कॉलर ही वेगळी वस्तू. तीन-चार पदरी कापडाची, पांढरीशुभ्र, खळ देऊन पुठ्ठ्यासारखी ताठ केलेली. ती गळ्याभोवती ठेवून मागच्या काजातून एक आणि पुढच्या काजातून दुसरे बटण घालून सदऱ्याला अडकवायची. ही बटणे शिवलेली नसत. दोन्ही टोकांना चकती असलेली ती धातूची किंवा हाडाची बटणे. त्यांना 'स्टड' म्हणत. मनगटावरचे कफही पुष्कळदा असेच सुटे असत.

संध्याकाळी घरी आले की कॉलर काढायची. सकाळी दुसरी चढवायची. सदरा मात्र तोच दोन-तीन दिवस चाले, कारण त्याच्यावर जाकीट, त्यावर कोट. बाहेरच्यांना दिसे ती कॉलर, कफ आणि छातीचा थोडासा भाग. तेवढे पांढरे असले की माणूस स्वच्छ. ज्या कारकुनाला दोन-तीन सदऱ्यांच्या वर परवडत नसे तोही डझनभर कॉलरी बाळगून रोज नवा दिसू शके. कॉलरी ठेवायला चामड्याचे गोल डबे मिळत. घाईच्या वेळी हातातून निसटून कपाटाखाली गडगडत जाणारा स्टड हा तर त्या काळच्या विनोदी लेखकांचा हुकमी विषय.

ताठ कॉलरीचा त्रासही काही कमी नव्हता. कडा मानेला कापत. उंच कॉलर घातलेल्या माणसाला बाजूला बघायचे तर सगळे अंगच वळवावे लागे. जर्मन लोकांनी अशा उंच कॉलरीला 'फाटरम्योर्डर', म्हणजे बापाला मारणारी, असे नावच ठेवले होते.

ट्रॉयची हॅना

ही कॉलर पहिल्यांदा कोणी कापली? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी ट्रॉय नावाचे गाव आहे. तिथे परंपरेने सांगतात ती हकिगत अशी. हॅना लॉर्ड माँटेग्यू नावाच्या गृहिणीच्या नवऱ्याला रोज स्वच्छ सदरा लागे. हॅना रोज धुऊन कंटाळली. तिच्या लक्षात आले की सदरा बाकी सगळा ठीक असतो, मळते ती फक्त कॉलर. १८२७ साली तिने कात्री घेतली, सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी कापून वेगळ्या केल्या, त्यांच्या कडा शिवल्या आणि बांधायला नाड्या लावल्या. त्या दिवसापासून धुवायची ती फक्त कॉलर.

शेजारणींना ही युक्ती आवडली नसती तरच नवल. १८२९ च्या सुमाराला त्याच गावातले एबेनेझर ब्राऊन नावाचे, पूर्वी धर्मोपदेशक असलेले एक दुकानदार बायकांकडून अशा नाडीच्या कॉलरी शिवून घेऊन विकू लागले. पुढे कारखाने निघाले. पन्नास-साठ वर्षांत अमेरिकेतल्या बहुतांश कॉलरी ट्रॉयमध्ये तयार होऊ लागल्या आणि गावाला 'कॉलर सिटी' हे नाव पडले. आजही तिथल्या नदीवरच्या पुलाला 'कॉलर सिटी ब्रिज' म्हणतात. एका बाईने आपले धुणे कमी करायला लावलेल्या कात्रीवर एक सबंध शहर उभे राहिले.

धुणे कमी झाले, की दुसरीकडे गेले?

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही.

शिवून झालेली कॉलर तशीच विकता येत नसे. ती धुवायची, रसायनात घालून पांढरी करायची, नीळ द्यायची, खळीत बुडवायची आणि तापलेल्या इस्त्रीने गोलाई आणत कडक करायची. यासाठी ट्रॉयमध्ये मोठमोठ्या धुलाई कोठ्या निघाल्या. तिथे काम करत त्या मुख्यतः आयर्लंडहून पोट भरायला आलेल्या तरुण मुली. उकळते पाणी, वाफ, तापलेले लोखंड आणि दिवसाचे बारा-बारा, चौदा-चौदा तास. मजुरी आठवड्याला दोन-तीन डॉलर. खळ देण्याची यंत्रे आली तेव्हा हात भाजण्याचे प्रमाण आणखी वाढले. मजुरी होती तिथेच राहिली.

या मुलींमध्ये केट मुलानी नावाची एक होती. घरची जबाबदारी तिच्यावर होती. १८६४ च्या फेब्रुवारीत तिने सुमारे तीनशे कॉलरवाल्या बायकांना एकत्र करून संप पुकारला. आठवड्याच्या आत मालक नमले आणि मजुरीत २५ टक्के वाढ मिळाली. 'कॉलर लाँड्री युनियन' या त्यांच्या संघटनेला अमेरिकेतली बायकांची पहिली टिकाऊ कामगार संघटना मानतात. या बायका आपल्यापुरते बघून थांबल्या नाहीत. १८६६ साली ट्रॉयमधले लोखंड ओतणारे कामगार संपावर गेले तेव्हा त्यांनी आपल्या तुटपुंज्या पैशांतून १,००० डॉलर त्यांना दिले. १८६८ साली केटला राष्ट्रीय पातळीवरच्या कामगार संघटनेत पद मिळाले.

पण १८६९ चा दुसरा संप फसला. मालक एकजुटीने उभे राहिले, आणि त्यांच्या बाजूला एक नवी वस्तू बाजारात जोर धरत होती. ती म्हणजे कागदाची कॉलर. सेफ्टी पिनचा शोध लावणाऱ्या वॉल्टर हंट यांनी १८५४ सालीच तिचे पेटंट घेतले होते. कागदाची कॉलर वापरायची आणि फेकून द्यायची; धुण्याचा प्रश्नच नाही. धुणाऱ्या बायकांच्या संपाला यापेक्षा सोपे उत्तर कोणते? १८७० पर्यंत संघटना मोडली. केटचे ट्रॉयमधले घर मात्र १९९८ साली अमेरिकेने राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर केले.

कागदापाठोपाठ सेल्युलॉइडची कॉलर आली. ओल्या फडक्याने पुसली की झाले. दिसायला पांढरी, किमतीला स्वस्त, पण काही दिवसांनी पिवळी पडे आणि ठिणगी उडाली तर भुर्रकन पेटे. गळ्याशी असे पेटते लाकूड बांधून माणसे हिंडली, यावरूनच शुभ्र दिसण्याची किती गरज होती ते कळते.

इंग्रजीतला 'व्हाइट कॉलर' नोकरी हा शब्दप्रयोग याच पट्टीवरून आला आणि विसाव्या शतकात रूढ झाला. आपल्याकडे कॉलर नव्हती तेव्हापासून 'पांढरपेशा' हा शब्द आहे. मोल्सवर्थच्या कोशातही तो सापडतो. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. ज्याचे कपडे कामाने मळत नाहीत तो वरचा. ते कपडे पांढरे राखण्यासाठी कोणाचे हात मळतात, हे दोन्ही शब्दांत कुठेच येत नाही.

एका बॅरिस्टरचे धुणे

आपल्याकडे ही सुटी कॉलर फार थोड्यांच्या गळ्यात गेली. बहुतेक वकील, मास्तर, मामलेदार बंद गळ्याचा लांब कोट, उपरणे, धोतर आणि डोक्याला पगडी किंवा रुमाल अशाच वेषात असत. त्या काळचे ग्रुप फोटो पाहिले तर हे लगेच ध्यानात येते. विलायतेहून आलेले बॅरिस्टर, मोठे सरकारी अधिकारी, काही डॉक्टर आणि ख्रिस्ती समाजातले सुशिक्षित लोक यांच्या गळ्यात ती दिसे. माझे आजोबा बेळगावात एका वकिलांचे कारकून होते. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे वकिलांचे मुंबईच्या हायकोर्टात जाणेयेणे असे. आजोबांच्या लाकडी पेटीत वकिलांनी दिलेली दोन पितळी बटणे होती. दोन्ही टोकांना चकत्या. लहानपणी मला ती कानातली कुडी वाटायची. आजोबा स्वतः जन्मभर बंद गळ्याचा कोट घालत, त्यामुळे त्या बटणांना आमच्या घरी कधी कॉलर भेटलीच नाही.

पण या कॉलरीशी झुंजलेला सर्वांत प्रसिद्ध हिंदुस्थानी माणूस म्हणजे बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी. त्यांनी आपल्या आत्मकथेत ही हकिगत मोठ्या गमतीने सांगितली आहे. दक्षिण आफ्रिकेत डरबनला वकिली करताना कॉलर रोज बदलावी लागे आणि सदरा निदान एक दिवसाआड. धोबी वेळेवर कपडे देत नसे, त्यामुळे दोन-तीन डझन सदरे आणि कॉलरी असूनही पुरत नसत. धुलाईचे बिल तर असे, की एक कॉलर धुण्याचे पैसे जवळजवळ नव्या कॉलरीइतके पडत. शेवटी गांधीजींनी धुलाईचे पुस्तक विकत आणले, वाचले आणि कस्तुरबांनाही ती विद्या शिकवली.

स्वतः धुतलेली पहिली कॉलर घालून ते कोर्टात गेले. खळ प्रमाणाबाहेर झाली होती. इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि कॉलर जळेल या भीतीने त्यांनी ती दाबलीही नव्हती. कॉलर ताठ झाली खरी, पण तिच्यातून खळीचा भुगा झडत राहिला. इतर बॅरिस्टर हसले. गांधीजींना त्याची लाज वाटली नाही. उलट, आपल्याला फुकट करमणूक करता आली, याचे त्यांना समाधान वाटले.

याच प्रकरणात आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचीही आठवण आहे. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले, खांद्यावर घ्यायचे एक वस्त्र होते. ते ते जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गच्या मेजवानीच्या आधी त्याला चुण्या पडलेल्या दिसल्या. धोब्याकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधीजी म्हणाले, मी इस्त्री करून देतो. वकील म्हणून तुमच्यावर भरवसा आहे, धोबी म्हणून नाही, अशा अर्थाचे उत्तर गोखल्यांनी दिले. गांधीजींनी तरी हट्ट सोडला नाही. इस्त्री चांगली झाली आणि गोखल्यांची पसंती मिळाली. गुरूचे वस्त्र, शिष्य गोखले, आणि इस्त्री धरलेला त्यांचा शिष्य! मराठी माणसाने हे चित्र मनात जपून ठेवावे असे आहे.

पुढे १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला गांधीजींनी सदराच सोडला आणि पंचा नेसला. १९२४ च्या डिसेंबरात आपल्या बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. त्या वेळी टिळकवाडीच्या मांडवात लोकांनी पाहिलेल्या माणसाच्या गळ्यात काहीच नव्हते. डरबनच्या त्या झडणाऱ्या कॉलरीपासून बेळगावच्या पंचापर्यंत पाव शतकाचे अंतर आहे. आपले कपडे आपण धुवावेत, हा धडा मात्र दोन्हीकडे तोच.

कॉलर गेली ती तीन धक्क्यांनी

गांधीजींनी कॉलर सोडली ती विचाराने. बाकीच्या जगाने कशी सोडली?

पहिला धक्का पहिल्या महायुद्धाचा. १९१४ ते १९१८ या चार वर्षांत लाखो तरुणांनी मऊ कॉलरीचे खाकी सदरे घातले. खंदकात खळ आणि इस्त्री कुठली? युद्ध संपवून घरी आलेल्या या तरुणांना गळ्यात पुन्हा पुठ्ठा बांधणे नकोसे झाले. इंग्लंडचा तेव्हाचा युवराज, म्हणजे पुढचे आठवे एडवर्ड, यांनीही मऊ कॉलर पसंत केली. युवराजच घालतो म्हटल्यावर इतरांची भीड चेपली. म्हातारे साहेब मात्र ताठ कॉलर न घालणाऱ्यांना अर्धवट कपडे घातलेले समजत राहिले.

दुसरा धक्का विणकामाचा. कॉलर दुमडते तिथे गोलाई हवी आणि कापड तर सरळ. म्हणून ती खळीने बळेच वळवावी लागे. जॉन मॅनिंग व्हॅन ह्यूसेन यांनी कापडच वळणदार विणण्याची आणि दुमडीची रेघ विणीतच आणण्याची युक्ती काढली. १९२१ साली त्यांची ही मऊ, पण आकार न सोडणारी कॉलर बाजारात आली. आज कपड्यांच्या दुकानावर 'व्हॅन ह्यूसेन' ही पाटी दिसते ती याच गृहस्थांच्या नावाची.

तिसरा धक्का सर्वांत मोठा, आणि तो बसला खुद्द ट्रॉयच्याच कंपनीकडून. क्लूएट पीबडी ही तिथली बडी कंपनी. 'ॲरो' हे तिच्या कॉलरीचे नाव. १९०५ पासून चित्रकार लायेनडेकर यांनी काढलेल्या तिच्या जाहिराती गाजत होत्या. त्यातला 'ॲरो कॉलर मॅन' इतका देखणा, की त्या कागदी तरुणाला बायकांची पत्रे येत. पण १९२० नंतर कॉलर जोडलेल्या सदऱ्यांची मागणी वाढू लागली आणि कंपनीसमोर पेच पडला. कारण जोडलेल्या कॉलरीत एक मोठी खोट होती. सुती कापड धुतले की आटते. सुटी कॉलर नेमक्या मापाची घेता येई आणि बिघडली तर बदलता येई. जोडलेली कॉलर पहिल्याच धुण्यात आखडली की पूर्ण सदरा वाया. गळ्याचे बटणच लागत नसे.

या कंपनीत सॅनफर्ड क्लूएट नावाचे संशोधक होते. मागावर आणि गिरणीत कापड ताणले जाते आणि पाणी लागले की ते आपल्या मूळ मापावर जाते, म्हणून ते आटते, हे त्यांनी ध्यानात घेतले. मग धुण्याआधीच कापड यंत्रात दाबून आखडून का घेऊ नये? एका जाड लवचीक पट्ट्यावर कापड चढवायचे. पट्टा आखडला की त्याच्याबरोबर कापडही आखडते. १९३० साली त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावावरून तिला 'सॅनफोरायझिंग' म्हणतात. ज्यांनी मुंबईच्या गिरण्यांचे पॉपलिन वाराने विकत घेतले आहे त्यांना कापडावरचा 'सॅनफोराइज्ड' हा शिक्का नक्की आठवेल. आमच्याकडे दुकानदार तो शिक्का दाखवून म्हणत, 'आटणार नाही, डोळे झाकून न्या.' त्या शिक्क्यामागे एका कॉलरीच्या मरणाची गोष्ट आहे, हे तेव्हा कोणाला माहीत?

कॉलर आता सदऱ्याला कायमची शिवली गेली. कॉलरी विकून मोठी झालेली कंपनी सदरे विकू लागली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुटी कॉलर रोजच्या वापरातून जवळजवळ उठली.

मान मोकळी झाली, पण

पुरुषांच्या पोशाखाचा इतिहास लिहिणारे याला सुटकेची गोष्ट म्हणतात. मानेला मोकळा श्वास मिळाला, हे खरेच आहे. पण धुण्याच्या बाजूने पाहिले तर हिशोब थोडा वेगळा दिसतो. हॅनाने सदरा आणि कॉलर वेगळी केली ती रोज पूर्ण सदरा धुवायला लागू नये म्हणून. शंभर वर्षांनी ती दोन्ही परत जोडली गेली. आता चार बोटांची पट्टी मळली की सबंध सदरा धुण्यात पडतो. पूर्वी धुलाई कोठीत जाणारी कॉलर आता घरच्या मोरीत आली. लाँड्रीतल्या बायकांना निदान मजुरी वाढवून मागता येत होती. मोरीतल्या बाईने ती कोणाकडे मागायची? कॉलरीवरचा डाग दाखवून गृहिणीला लाजवणाऱ्या साबणाच्या जाहिराती आपण वर्षानुवर्षे पाहिल्या. डाग ज्याच्या मानेचा, तो त्या जाहिरातीत इस्त्रीचा सदरा घालून हसत असतो.

आपल्या मध्यमवर्गीय घरांनी यावर आपला एक तोडगा काढला होता. कॉलर घासून घासून दुमडीवर विरायची. बाकी सदरा धडधाकट. मग तो शिंप्याकडे जायचा. शिंपी कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा त्याच जागी बसवायचा. विरलेली बाजू खाली, चांगली बाजू वर. माझ्या वडिलांचे सगळे सदरे अशी एक तरी फेरी करून आलेले असत. एका जन्मात दोन कॉलरी! हॅनाच्या युक्तीचे हे आपले भावंडच म्हणायचे.

मध्यंतरी आमच्या गल्लीतल्या जुन्या शिंप्यांना मी विचारले, अजून कोणी कॉलर पलटून घेते का? ते हसले. म्हणाले, "अक्का, आता कोण येतंय सांगा बघू! वर्षाला एखादा म्हातारा येतो. आणि आताच्या रेडिमेडची कॉलर पलटावी म्हटलं तर आतनं बक्रम चिकटवलेलं असतं, खालच्या अंगाला प्लास्टिकच्या पट्टीची खाच असते. पलटली तर खाच वर येते. लोक हसतील की." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि मजुरीत थोडी भर घातली की नवा शर्ट येतोय."

जिथे ती अजून आहे

सुटी कॉलर अगदीच मेली असे मात्र नाही. पाश्चात्त्य देशांत सर्वांत औपचारिक समारंभांना, उदाहरणार्थ स्टॉकहोमच्या नोबेल सोहळ्याला, काळा लांब कोट आणि पांढऱ्या टायबरोबर टोके दुमडलेली ताठ कॉलर अजून चालते. ख्रिस्ती धर्मगुरूंच्या गळ्याशी दिसणारी पांढरी पट्टी हीही त्याच घराण्यातली. गोव्यात ती आपल्या नेहमीच्या पाहण्यातली आहे. इंग्लंडमध्ये २००८ साली दिवाणी न्यायाधीशांचा पोशाख बदलला आणि टोपाबरोबर त्यांची ही जुनी कॉलरही गेली.

आणि तिला पाहायला बेळगावकरांना लांब जायला नको. कोर्टाच्या आवारात जावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पुरुष वकिलांच्या पोशाखात पांढरी कॉलर, ताठ किंवा मऊ, आणि पांढरे बँड असे अजून लिहिलेले आहे. कोर्टाजवळच्या दुकानांत गळ्यामागे अडकवायची पांढरी कॉलर आणि तिला लोंबणाऱ्या दोन पट्ट्या सुट्या मिळतात. कोर्ट सुटले की ती काढून वकीलसाहेब खिशात घालतात. हॅनाच्या नवऱ्यापेक्षा वेगळे काय करतात? २०२० च्या मे महिन्यात, साथीमुळे सुनावण्या पडद्यावर होऊ लागल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना काळा कोट आणि गाऊन यांतून तात्पुरती सूट दिली. पांढरा सदरा, सलवार-कमीज किंवा साडी चालेल, पण गळ्यात पांढरा बँड हवा, असे त्या परिपत्रकात होते. सगळे उतरले तरी गळ्यातली पांढरी पट्टी उतरली नाही!

ओळखीच्या एका तरुण वकील मुलीला मी विचारले, तुझा बँड कोण धुतो? ती म्हणाली, "मीच, काकू. रात्री बेसिनमध्ये. पाच मिनिटांचं तर काम!" तिच्याबरोबरच्या एका वकिलाला तोच प्रश्न केला. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "घरी धुतात."

'घरी धुतात' या दोन शब्दांत हॅनाही आली, केट मुलानीही आली आणि आपल्या आया-आज्याही आल्या. म्हणून आमच्या घरी आम्ही आता एक नियम केला आहे. ज्याची कॉलर, त्याने ती घासायची. मग सदरा मशीनमध्ये पडेल. मुलगा नोकरीला लागला त्या आठवड्यात नियम सुरू झाला. पहिल्या रविवारी तो पाच सदरे घेऊन मोरीत बसला. दोन झाल्यावर ब्रश हातात तसाच धरून त्याने विचारले, "आई, रोज एवढं मळतं?"

"हो," मी म्हटले, "आणि अजून तीन आहेत."